मेजर रामा राघोबा राणे : एका सफरमैनाचे स्मरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहात दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने हे व्याख्यान आमच्याकडे सोपविले तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही आम्हांस दिली. आम्ही या मंदिराच्या पन्नास वर्षांची हकीकत सांगू अशी चिटणीसांची समजूत असावी. ती हकीकत इतरांनी स्मरणिकेत लिहिलीच आहे, आणि आमच्याहून चांगली लिहिली आहे. आम्ही आज एका शिपायाविषयी बोलणार आहोत. तो आपल्या धर्मग्रामातील नव्हे, ठाणे जिल्ह्यातीलही नव्हे, आणि ख्रिस्ती तर नव्हेच. असे असता महोत्सवाच्या सभेत त्याचे नाव कशासाठी, असे काहींच्या मनात येईल. त्याचे कारण आधी सांगणे प्राप्त आहे. ते आमच्या एका चुकीचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांस ते वृद्ध गृहस्थ आठवत असतील. रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर मंदिराच्या अंगणात, पिंपळाच्या बाजूस, ते एक लाकडी स्टूल मांडून बसत. पायांशी एक जुनी कापडी पिशवी असे. लष्करातून सेवानिवृत्त होऊन त्यांस पुष्कळ वर्षे झाली होती. घरी पत्नी पक्षाघाताने अंथरुणास खिळलेली. पहाटे साडेचारास उठून तिचे सर्व आपल्या हाताने उरकावे, तिला पेज भरवावी आणि मग मिस्सेस यावे, हा त्यांचा नेम नऊ वर्षे चालला. मिस्सा झाली म्हणजे त्या स्टुलापाशी विधवांची रांग लागे. कोणाच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज, कोणाच्या नवऱ्याच्या नावातील एका अक्षराची चूक, कोणाचा नोव्हेंबर महिन्यातील हयातीचा दाखला. अलीकडे हा दाखला अंगठ्याच्या ठशावर मिळतो, आणि जन्मभर भांडी घासलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा उरत नाहीत. यंत्र तिला ओळखीत नाही. अशा बायांस हे गृहस्थ रिक्षात बसवून बँकेत घेऊन जात आणि ती बाई हयात आहे हे साहेबास पटेपर्यंत तेथून हलत नसत. रिक्षाचे भाडे त्यांनी कोणाकडून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

एके दिवशी ते आमच्याकडे आले आणि उभ्यानेच म्हणाले, “फादर, कोळ्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, परीक्षेच्या मुलांसाठी तुम्ही वेदीवरून प्रार्थना करता. आम्हा फौजी लोकांसाठी मी एकदाही ऐकली नाही.”

आम्ही त्यांस उत्तर दिले. वेदी ही शांतीची जागा आहे, तेथे शस्त्राचा उल्लेख विचारपूर्वक करावा लागतो, अशा अर्थाचे काही आम्ही बोललो. सेमिनरीत शिकलेल्या मनुष्यास असे उत्तर चटकन सुचते. ते इतकेच म्हणाले, “बरं, फादर,” आणि गेले. पुढल्या रविवारी स्टूल त्याच जागी होते. गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात ते वारले. त्यांचा दफनविधी आम्हीच केला, आणि त्या वेळी ते “बरं, फादर” आमच्या कानांत राहिले.

पुढे त्यांच्या मुलाने ती कापडी पिशवी आमच्याकडे आणून दिली. आत विधवांच्या कागदांच्या प्रती होत्या, आणि वर्तमानपत्रातून कापलेले एक चित्र होते. त्याखाली नाव होते, मेजर रामा राघोबा राणे. आमचे हे गृहस्थ ज्या सफरमैना पलटणीत होते, त्याच पलटणीचे राणे. आम्हांस ते नाव नीट ठाऊक नव्हते, हे सांगण्यास लाज वाटते. तेथून आम्ही वाचू लागलो.

सफरमैना हा शब्द आता मागे पडला. इंग्रजीतील ‘सॅपर्स अँड मायनर्स’ या नावाचे आपल्या लोकांनी केलेले हे रूप. सैन्याच्या पुढे जाऊन रस्ते करणे, पूल बांधणे, सुरुंग काढणे आणि प्रसंगी आपलेच पूल उडविणे हे या पलटणींचे काम. मुंबई सफरमैनांचे ठाणे पुण्याजवळ खडकी येथे आहे. साऱ्या अभियंता दलाचे ब्रीद एकाच शब्दाचे आहे : ‘सर्वत्र’.

राणे यांचा जन्म 26 जून 1918 रोजी हावेरी येथे झाला. मूळ गाव कारवारजवळील चेंडिये. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण कोठेच धड बसले नाही. 1930 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढला गेला. पोलिसाच्या घरात याहून मोठी पंचाईत कोणती? बापाने बिऱ्हाड उचलून मूळ गावी नेले. पुढे त्याच मुलाने 10 जुलै 1940 रोजी इंग्रज सरकारच्याच सैन्यात, मुंबई सफरमैनांत, नाव घातले आणि रंगरुटांत पहिला येऊन कमांडंटची छडी मिळविली. यात कोणास विसंगती दिसेल. आम्हांस तीत त्या काळचा एक सामान्य घरातील तरुण दिसतो. आपल्या कोकणातील किती घरांची चूल पलटणीच्या पगारावर पेटत असे, हे जुन्या माणसांस विचारावे.

ब्रह्मदेशाच्या लढाईत, आराकान प्रांतातून सैन्य माघार घेत असता, राणे यांस दोन तुकड्यांनिशी बुथीडाँग येथे मागे ठेविले. साठे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून ते नष्ट करावयाचे होते. काम झाल्यावर आरमाराची नौका येऊन त्यांस उचलील असे ठरले होते. काम झाले, नौका आली नाही. नदीवर जपान्यांचा पहारा होता. राणे यांनी आपली माणसे त्या पहाऱ्यातून पार नेली आणि आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळविली. त्याबद्दल त्यांस हवालदार केले. ठरलेली नौका आली नाही म्हणून पुष्कळ माणसे काठावर बसून राहतात. आमच्याही आयुष्यात अशा काही नौका आल्या नाहीत. तेव्हा आम्ही काय केले हे येथे न सांगितलेले बरे.

15 डिसेंबर 1947 रोजी राणे अधिकारी झाले, सेकंड लेफ्टनंट. तोपर्यंत काश्मीरचे युद्ध पेटले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राजौरी शत्रूच्या हाती गेली होती आणि तेथील नागरिकांची मोठी कत्तल झाली होती. 1948 च्या मार्चमध्ये आपल्या सैन्याने झांगड परत घेतले. आता नौशेराहून राजौरीस जावयाचे होते. रस्ता डोंगरातील, अरुंद. जागोजागी तो तोडलेला, झाडे पाडून अडविलेला आणि सुरुंगांनी पेरलेला. रणगाड्यांवाचून पुढे जाणे कठीण आणि रस्त्यावाचून रणगाडे निरुपयोगी. सारे एका सफरमैना तुकडीवर, 37 क्रमांकाच्या फील्ड कंपनीच्या माणसांवर, येऊन ठेपले. तिचे पुढारी राणे होते.

रस्ता मोकळा करणे म्हणजे काय, हे कल्याण-डोंबिवलीच्या लोकांस निराळे सांगावयास नको, असे विनोदाने म्हणता येईल. परंतु तेथील काम समजून घेतले पाहिजे. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग मोठ्या भाकरीच्या तव्याएवढा, मातीखाली वीतभर दडविलेला असतो. माणसाच्या ओझ्याने तो सहसा फुटत नाही. पण त्याच्या आजूबाजूस माणसाच्या पायासाठी लहान सुरुंग पेरून ठेवितात, आणि कधी कधी मोठ्याच्या बुडाशी अशी कळ लावितात की उचलताक्षणी तो फुटावा. म्हणून शोधणाऱ्याने पालथे पडावे, संगीन तिरकी धरून माती टोचीत जावे, लोखंडास लोखंड लागले की थांबावे आणि बोटांनी माती बाजूस सारावी. यात घाई केली की माणूस गेला. आणि राजौरीच्या वाटेवर हे सारे करावयाचे ते डोंगरावरून उखळी तोफांचा व मशीनगनींचा मारा चालू असता, जेथे घाई न केली तरीही माणूस जात होता.

8 एप्रिल 1948 रोजी चौथ्या डोगरा पलटणीने नौशेराच्या उत्तरेस 11 किलोमीटरवरील बरवाली येथील टेकडीवर हल्ला केला. राणे यांची तुकडी कामास लागते न लागते तोच तोफगोळे येऊन पडले. दोघे जागीच ठार झाले आणि पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. ते मागे गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत वाट करून रणगाडे पुढे काढिले. दुसऱ्या दिवशी, 9 तारखेस, 12 तास अखंड सुरुंग व अडथळे काढणे चालले. जेथे रस्ता सुधारेना तेथे बाजूने वळण खणून वाट दिली. त्या दिवसांची एक हकीकत सैन्यात अजून सांगतात. मारा इतका होता की रस्त्यावर माणूस दिसण्याची सोय नव्हती. तेव्हा राणे पुढल्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि दोन दोऱ्या वर चालकाच्या हाती दिल्या. एक ओढली की चालावे, दुसरी ओढली की थांबावे. अशा रीतीने ते लोखंडी धूड डोक्यावर घेऊन ते सुरुंगांपाशी सरपटत गेले. वरच्या चालकाने दोरीचा अर्थ एकदा जरी चुकीचा घेतला असता तर काय झाले असते, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

10 तारखेस चिडाची पाच मोठी झाडे रस्त्यावर आडवी पाडलेली आढळली. भोवती सुरुंग आणि समोर मशीनगन. दोन तासांत तो अडथळा दूर झाला. 11 तारखेस सकाळी सहास आरंभ करून अकरा वाजता चिंगसपर्यंत रस्ता खुला झाला. चिंगस ही मोगल बादशहांच्या काश्मीरच्या वाटेवरील जुनी सराई. 1627 साली परतीच्या प्रवासात मेलेल्या जहांगीर बादशहाची आतडी तेथे पुरली आहेत. राणे यांस ही कथा ठाऊक होती की नाही कोण जाणे. तेथे थांबून ऐकावयास त्यांस वेळ नव्हता. त्या दिवशी रात्री दहापर्यंत ते पुढला रस्ता साफ करीत होते. 12 एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले.

येथे आम्हांस आमची सेमिनरीतील अडचण पुन्हा आठवते, आणि ती आम्ही आपणांपासून लपविणार नाही. राणे यांच्या पदकाच्या मानपत्रात या चढाईत सुमारे 500 शत्रू ठार झाल्याचे म्हटले आहे. राणे यांनी स्वतः त्या चार दिवसांत जे केले ते मुख्यतः उपसणे, तोडणे आणि बाजूस सारणे होते. परंतु त्यांनी केलेल्या वाटेने जे रणगाडे गेले ते काही धान्य घेऊन गेले नव्हते. मेलेल्या त्या 500 माणसांनाही आया होत्या. त्याच मानपत्रात पुढे असेही आहे की चिंगस व राजौरी येथील पुष्कळ नागरिकांचे प्राण यामुळे वाचले. ही दोन्ही वाक्ये एकाच कागदावर आहेत. आम्ही एक वाचून दुसरे झाकावे, हे आम्हांस आता प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आणि आमच्या त्या वृद्ध गृहस्थांस आम्ही जे उत्तर दिले त्यात आम्ही तेच केले होते.

ठाण्यास मासुंदा तलावाशेजारी संत योहान बाप्तिस्ता याचे पुरातन मंदिर आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोळचे बाप्तिस्मे तेथील. प्रभूच्या पुढे जाऊन मार्ग तयार करणारा, खळगे भरावे आणि उंचवटे सपाट करावे अशी घोषणा करणारा तो हा संत. संत लूक सांगतो की यार्देनच्या काठी त्याच्याकडे शिपाईही आले आणि आम्ही काय करावे असे विचारते झाले. योहानाने त्यांस शस्त्र टाकून घरी जा असे सांगितले नाही. कोणास छळू नका, खोटा आळ घेऊन कोणाचे लुबाडू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढेच त्याने सांगितले. संत ऑगस्टीन यानेही बोनिफास नावाच्या सेनाधिकाऱ्यास पत्र लिहून, शस्त्र धरणारा मनुष्य देवास प्रिय होऊ शकत नाही असे समजू नको, असे कळविले, आणि त्याबरोबरच, इच्छा शांतीचीच असू दे, असेही बजाविले. आम्ही हे दोन्ही उतारे तरुणपणी परीक्षेसाठी पाठ केले होते. उपयोग करावयाची वेळ आली तेव्हा आठवले नाहीत. योहानाचा जन्मोत्सव 24 जूनला येतो आणि राणे यांचा जन्मदिवस 26 जूनला. त्यात काही अर्थ काढावा असे आमचे म्हणणे नाही, पण तारखा लक्षात ठेवण्यास सोपे जाते.

आता आपल्या भागाकडे येऊ. राणे राजौरीच्या वाटेवर होते त्या दिवसांत कल्याणजवळ काय चालले होते? दुसऱ्या महायुद्धात उल्हास नदीच्या परिसरात सरकारने शिपायांसाठी मोठी छावणी उभारिली होती. येथून पलटणी बाहेर जात आणि बाहेरून येत. युद्ध संपले, छावणी ओस पडली. आणि फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेली कुटुंबे त्याच बराकींत उतरली. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कित्येक संसार थाटले गेले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे कोनशिला बसविली आणि त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव पडले. पाऊणशे वर्षे उलटली तरी लोक पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतात. उल्हासनगरचा मनुष्य आपले घर छावणीत आहे असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात लष्कर नसते. पण शब्दात ते राहून गेले आहे. एके ठिकाणी शिपायाने वाट काढून लोकांची घरे वाचविली, दुसरीकडे शिपायाने सोडलेल्या जागेत घर गमावलेल्यांनी चूल मांडिली. आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ मंडळी रोज त्या बाजूस कामास जातात. त्यांनी हे मनात ठेवावे.

राणे यांस परमवीर चक्र मिळाले. 26 जानेवारी 1950 रोजी हे पदक स्थापन झाले आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमास लागू झाले. आजवर ते केवळ 21 जणांस मिळाले, त्यांतील 14 जणांस मरणोत्तर. हयातीत ते स्वीकारणाऱ्या पहिल्या वीरांत राणे होते. पदकाचे चित्र काढणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय. मराठी सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या या देशाच्या झाल्या. पदक सोन्याचे नाही की रुप्याचे नाही, काशाचे आहे. त्यावर इंद्राची चार वज्रे आहेत. वज्रासाठी आपली अस्थी देणाऱ्या दधीची ऋषीची कथा त्यामागे आहे. आम्हांस ही योजना फार औचित्याची वाटते.

पदकानंतर मनुष्याचे काय होते, हे पाहण्याची आम्हांस नेहमी उत्सुकता असते. राणे सैन्यातच राहिले. 28 वर्षांच्या सेवेत पाच वेळा त्यांचा उल्लेख सेनापतींच्या खलित्यांत झाला. 1968 साली ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. रंगरूट म्हणून भरती झालेला पोलीस शिपायाचा मुलगा मेजर होऊन निवृत्त होतो, ही त्या पिढीत लहान गोष्ट नव्हे. शिपायाच्या घरी एक दुसरेही शौर्य असते, ज्यास पदक नाही. पती कोठे आहे हे ठाऊक नसता मुलांस शाळेत धाडणे, सणाच्या दिवशी हसतमुख राहणे. त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई यांनी पतीच्या मागेही त्यांची आठवण जागती ठेविली. 11 जुलै 1994 रोजी पुण्यातील लष्करी रुग्णालयात राणे निवर्तले. त्यांचे नाव असलेले तेलवाहू जहाज त्यांच्या हयातीतच समुद्रावर हिंडत होते. ते आता सेवेतून निघाले. कारवारच्या समुद्रकिनारी 2006 साली त्यांचा पुतळा उभा राहिला, आणि 2023 साली अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव दिले गेले. जहाज, पुतळा, बेट, तिन्ही योग्यच आहेत. तथापि आमच्या वृद्ध गृहस्थांनी त्यांचे चित्र विधवांच्या कागदांच्या पिशवीत ठेविले होते, ती जागा आम्हांस अधिक शोभणारी वाटली. एका सफरमैनास दुसऱ्याचे काम ओळखता आले होते. बँकेच्या दारातील बाईचा अंगठा यंत्राने नाकारला म्हणजे तोही रस्त्यातील अडथळाच. तो बोटांनी माती सारून, घाई न करता, काढावा लागतो.

आता व्यवस्थेच्या दोन गोष्टी सांगून बसतो. येत्या 24 जूनच्या मिस्सेपासून श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या घरची माणसे यांच्यासाठी एक प्रार्थना राहील. युद्धात मेलेल्या सर्वांचा उल्लेख तीत आहे, दोन्ही बाजूंच्या. आपल्या घरी कोणी सेवेत असल्यास, हयात वा मृत, त्यांचे नाव कपियारांकडे कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावे. मागल्या वेळी चिठ्ठ्यांवरील निम्मी नावे आम्हांस वाचता आली नव्हती.

दुसरी गोष्ट, पिंपळाच्या बाजूचे स्टूल आम्ही दुरुस्त करून घेतले आहे. युवक संघातील दोघांनी दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर तेथे बसण्याचे कबूल केले आहे. एक मुलगा आहे आणि एक मुलगी, आणि दोघांसही सरकारी अर्ज भरता येतात. ज्या माताभगिनींचे निवृत्तिवेतनाचे काम अडले आहे त्यांनी बँकेचे पुस्तक, आधार पत्र आणि नवऱ्याच्या नोकरीचे असतील ते सर्व कागद घेऊन यावे. चष्मा घरी विसरू नये. अंगठा लागत नसेल त्यांनी आधी सांगावे, म्हणजे रिक्षा बोलाविता येईल.